आठवा ठोका माझा नाही

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या पोर्ट केम्ब्लात ब्लागा नाउमोव्स्काला कुणी पोलादाच्या कारखान्यातली क्रेनवाली म्हणून ओळखतं, कुणी ऑफकट्स बँडची ड्रमवाली म्हणून. आमचा गिटारवाला आल्डो म्हणतो, "दोन्हीकडे नियम एकच. ती वर बसलेली असताना खालच्यांनी डोकं सांभाळावं."

मी साल्वू. ऑफकट्समध्ये बास गिटार वाजवतो. बासवाला ड्रमच्या उजव्या हाताला उभा राहतो, त्यामुळे ब्लागाचा उजवा गाल मी जितका पाहिलाय तितका तिच्या नवऱ्यानेही पाहिला नसेल. तो बिचारा लग्नानंतर लवकरच पर्थला पळाला. "पाच हजार मैल दूर नसेल, पण झोप लागण्याइतकं दूर आहे," असं ती स्वतःच हसत सांगते.

तिचा बाप नाउम मॅसेडोनियातून आलेला. दिवसा भट्टीवर काम आणि लग्नाच्या शनिवारी तपान. तपान म्हणजे गळ्यात अडकवायचा मोठा ढोल. एका हातात वाकडा जाड दांडा, दुसऱ्या हातात काटकीसारखी छडी. कारखान्याजवळच्या क्रिंगिलाच्या टेकडीवर मॅसेडोनियन लग्न असलं आणि नाउम नसला, तर नवरीकडचे लोक तोंड पाडून बसत. पोरीने एकदा तो ढोल मागितला. बाप म्हणाला, "मुलींनी ढोल गळ्यात घालायचा नसतो. लोक हसतात."

"मग गळ्यात नाही घालत," पोरगी म्हणाली.

आणि तिने जुना ड्रमसेट आणला, जमिनीवर मांडायचा. बाप दार आपटून बाहेर गेला. ती गॅरेजमध्ये बडवत बसायची आणि शेजारचा पोर्तुगीज म्हातारा कुंपणावरून लिंबं फेकून मारायचा. तिची आई ती लिंबं गोळा करून सरबत करायची.

पुढे तिला कारखान्यात काम हवं होतं. तेव्हा तिथे बायकांना घेत नसत. नाव लिहून जा, कळवू, असं सांगून परत पाठवत. ब्लागा इतर बायकांबरोबर फाटकासमोर तंबू टाकून बसली. येणारेजाणारे पुरुष काय काय बोलायचे ते मी इथे लिहीत नाही, कारण त्यातले काही अजून जिवंत आहेत आणि आमचे कार्यक्रम ऐकायला येतात. शेवटी फाटक उघडलं. तिला क्रेन मिळाली. छताखाली टांगलेल्या काचेच्या खोक्यात बसून ती वितळलेल्या पोलादाची बादली खाली काम करणाऱ्या आमच्या डोक्यावरून न्यायची, आणि एक थेंब सांडायचा नाही.

बँड जमला तो कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये. मी, आल्डो, ब्लागा आणि गायला लायल क्विगली. पत्रा कापून उरलेल्या तुकड्यांना कारखान्यात ऑफकट्स म्हणतात. लायल म्हणाला, "आपण तेच आहोत. भंगारात जायच्या आधी जरा आवाज करू." तरुणपणी आम्ही दोन अल्बम काढले. किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्या दारूगुत्त्यांत आणि क्लबांत वाजवलं. सिडनीने मात्र कधी विचारलं नाही. मग कारखान्याने माणसं कमी केली, आम्ही पांगलो. लायल शाळेची बस चालवू लागला. वाजवणं महिन्यातून एकदा, बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये, एवढंच राहिलं.

ब्लागाचा बाप तिथे एकदाच आला होता. मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला, अंगात कोट, हातात टोपी. कार्यक्रम संपल्यावर मी विचारलं, "काका, कसं वाटलं?"

"मोठ्ठा आवाज," म्हातारा म्हणाला आणि घरी गेला.

तो वारला त्यानंतर ब्लागाने एक ठेका आणला. सात मात्रांचा. एक तीन, मग दोन, मग दोन. तिच्या बापाच्या लग्नातल्या नाचाचा तो ठेका, पण तिने तो संथ केला, वजनदार केला, पायाच्या ड्रमवर टाकला. पहिल्यांदा वाजवला तेव्हा मी ठेक्यातून तीनदा बाहेर पडलो. लायलने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "ही कारखान्यातली पाळी संपवून चढण चढणारी माणसं आहेत." त्याने तिथल्या तिथे, बिअरच्या पुठ्ठ्यावर, त्यावर शब्द लिहिले. 'क्रिंगिलाची चढण.' लायलबद्दल पुढे काय काय सांगायचं आहे, म्हणून हे आधीच सांगतो : ते गाणं त्याच्याशिवाय झालं नसतं.

त्याच गाण्याचा कुणीतरी क्लबमध्ये काढलेला व्हिडिओ सिडनीच्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीने पाहिला. नवा अल्बम करू, म्हणाले. लायल बस घेऊन थेट माझ्या दारात आला. शाळा सुटून गेली होती, बस रिकामी होती. खाली उतरला आणि फुटपाथवर मला मिठी मारली. साठी ओलांडलेला माणूस, रडत होता.

सिडनीच्या स्टुडिओत कॅलम नावाचा प्रोड्यूसर होता. वाईट मुलगा नव्हता. ब्लागासाठी स्वतः कॉफी आणायचा, तिच्या काठ्या किती जाड आहेत ते बघून चकित व्हायचा. फक्त त्याची इच्छा होती की तिने कानात टिकटिक लावून वाजवावं, म्हणजे लय जागची हलणार नाही.

ब्लागाने हेडफोन काढून ठेवले. "टिकटिक घड्याळाला शोभते. मी घड्याळ आहे का?"

"तुम्ही धृपदाला पुढे पळता," कॅलम नम्रपणे म्हणाला.

"पळते. कारण ओळीच्या शेवटी लायलचा श्वास संपतो. मी पळाले नाही तर तो मरेल. तीस वर्षं त्याला पाठीवर घेऊन पळतेय."

"ए, मी इथेच उभा आहे हां," लायल म्हणाला.

"मग श्वास घे."

कॅलम हसला. आम्ही वाजवलं. आठवडाभरात सगळी गाणी झाली. येताना व्हॅनमध्ये ब्लागा चिप्स खात, खिडकीवर बोटांनी ठेका धरत बसली होती. इतकी खूश मी तिला फक्त क्रेन मिळाली तेव्हाच पाहिली होती. पुढचं काम, आवाज बसवणं वगैरे, कंपनीचं होतं. लायल त्यासाठी दोनदा एकटाच सिडनीला जाऊन आला. "आवाज जरा परत घ्यायचा होता," म्हणाला. कसं झालंय असं विचारलं की, "झकास. सीडी आल्या की ऐका." आम्ही कशाला शंका घेऊ?

अल्बम यायच्या आधी आम्हाला गावच्या रेडिओवर बोलवलं. हे रेडिओ स्टेशन म्हणजे लायब्ररीच्या मागची एक खोली. तिथे शनिवारी सकाळी ग्वेन नावाची निवृत्त शिक्षिका गाणी लावते आणि गावच्या माणसांशी गप्पा मारते. आम्ही चौघं तिच्या टेबलाभोवती दाटीवाटीने बसलो. तिने चहा दिला, बिस्किटं दिली. थोडी प्रस्तावना केली आणि म्हणाली, "आधी गाणं ऐकू या. 'क्रिंगिलाची चढण.' नव्या अल्बममधलं पहिलं, आज पहिल्यांदाच."

गाणं सुरू झालं. आवाज सुरेख होता, स्वच्छ, मोठा. पण दोन ओळी झाल्या आणि माझ्या पायाला काहीतरी खटकलं. मी सात मोजत होतो आणि गाणं आठवर उतरत होतं. प्रत्येक फेरीच्या शेवटी एक ठोका जास्तीचा, सपाट, इस्त्री केल्यासारखा. कॉम्प्युटरवर तिचा एकेक ठोका ओढून रेघेवर बसवला होता आणि सातच्या जागी आठ केले होते. चढण नव्हतीच उरली. सपाट रस्त्यावरून कुणीतरी कवायत करत चाललं होतं. आणि लायलचं गाणं त्या आठवर चपखल बसलं होतं. म्हणजे त्याने ते पुन्हा गायलं होतं. म्हणजे त्याला माहीत होतं.

मी ब्लागाकडे पाहिलं. तिने चहाचा कप खाली ठेवला होता. लायल टेबलाच्या कडेकडे बघत होता.

गाणं संपलं. ग्वेनने माईक उघडला. "वा! ब्लागा, तूच सांग. हा अल्बम कसा झाला?"

ग्वेनने हाताने खूण केली, बोल ना.

"मला नाही सांगता येणार," ब्लागा म्हणाली. "हे मी वाजवलेलं नाही."

"म्हणजे?" ग्वेनने समोरच्या कागदावर बोट ठेवलं. "इथे तर तुझंच नाव लिहिलंय."

"नाव माझं आहे. हात माझे नाहीत. मी सात वाजवले होते. यात आठ आहेत. आठवा ठोका माझा नाही, बाई. तो कुणी घातला ते या लायलला विचार."

लायल दातांतल्या दातांत म्हणाला, "ब्लागा, नंतर."

माईकने तेही पकडलं.

"नंतर कशाला? लोक आत्ता ऐकतायत." ती माईककडे वळली. "ऐका. टेकडीवरच्या ज्या म्हाताऱ्या स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसल्यात, त्यांनी ऐका. माझा बाप नाउम तुमच्या लग्नांत तपान वाजवायचा. आठवतोय ना? हे त्याचं चालणं आहे. कुणाला तरी वाटलं की तो लंगडतोय, म्हणून त्यांनी त्याचा पाय सरळ केला. माझा बाप लंगडत नव्हता. नाचत होता. असा."

आणि तिने ग्वेनच्या टेबलावर वाजवायला सुरुवात केली. तळहाताने जाड ठोका, बोटांनी बारीक. कप थरथरले, बिस्किटं उडाली. तीन, दोन, दोन. ग्वेनने माईक बंद करायला हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. आल्डोने गुडघ्यावर ताल धरला. मी काय करणार, मीही धरला. लायल उठून बाहेर गेला.

बाहेर पार्किंगमध्ये तो तिच्यावर तुटून पडला. "माईक बंद होईपर्यंत थांबता आलं नाही तुला?"

"माईक उघडायच्या आधी सांगता आलं नाही तुला?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? हेच! कंपनीवाले म्हणाले, सातवर माणसं अडखळतात, रेडिओवर कुणी लावणार नाही. एका गाण्यासाठी सगळा अल्बम घालवू? मी बावीस वर्षं शाळेची बस चालवतोय ब्लागा. मागच्या बाकावरची पोरं मला आजोबा म्हणतात. ही एक संधी होती. माझी पण होती. ती तू मला न विचारता उधळलीस."

हे खरं होतं. मी तिच्या बाजूचा असलो तरी सांगतो, ते खरं होतं. तिचाही चेहरा क्षणभर पडला. मग म्हणाली, "तू मला न विचारता माझा बाप विकलास. आता फिट्टंफाट."

लायल पायी घरी गेला. चौघं एकाच गाडीने आलो होतो.

सोमवारी कॅलमचा फोन. ब्लागाने माझ्यासमोर घेतला. तो म्हणाला, कंपनी चिडली आहे, पण मार्ग आहे. तुम्ही गंमत केली होती, एवढंच जाहीर करा.

"मी गंमत करते तेव्हा लोक हसतात," ती म्हणाली. "परवा कुणी हसलं नाही."

"मॅडम, खरं सांगतो, मला ते सातचं आवडलं होतं. पण लोक अडखळतील."

"अडखळू देत. पडले तर मी उचलते. तुला आवडलं होतं तर तू का नाही अडून बसलास?"

त्यावर तो एवढंच म्हणाला की रेकॉर्डिंग कंपनीचं, ते तुम्हाला मिळणार नाही, पण गाणी तुमची, त्यांच्यावर आमचा हक्क नाही. कंपनीने अल्बम कपाटात टाकला. विषय संपला.

गावात दोन तट पडले. खाटकाच्या दुकानात एकाने मला ऐकवलं, "तुमच्या त्या बाईला स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारायची हौस आहे." मी म्हटलं, "पाय तिचाच आहे ना?" पण घरी आल्यावर मलाही वाटलंच, की माझाही एक पाय त्यात होता. आल्डो मात्र रेडिओच्या दिवसापासून शिटी वाजवत फिरत होता. एरवी मुखदुर्बळ माणूस. म्हणाला, "साल्वू, आपण हॉलमध्येच करू. भिंतींना गाद्या लावू. माझ्या मेहुण्याकडे रेकॉर्डिंगचं यंत्र आहे."

"आणि गाणार कोण?"

"मी गातो."

आल्डोचा आवाज म्हणजे गंजलेलं फाटक. तरी आम्ही सुरू केलं. बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये, दुपारी, गालिचे अंथरून, टेकडीवरच्या घराघरांतून मागून आणलेल्या गाद्या भिंतीला लावून. बारचा मोठा फ्रिज घूं घूं करायचा आणि तो बंद करायला मॅनेजर तयार नव्हता, त्यामुळे तो अल्बमभर ऐकू येतो. ब्लागाने टिकटिक लावली नाही. कुणी नावच काढलं नाही. गाद्या द्यायला आलेल्या म्हाताऱ्या गाद्यांबरोबर स्वतःही थांबल्या. ढोल गळ्यात घालायचा नसतो म्हणणाऱ्या पिढीतल्या. त्यांनी पालक-चीझच्या गरम पोळ्यांचे थाळे आणले आणि खुर्च्यांवर हात बांधून बसल्या, परीक्षकांसारख्या.

गाणी झाली, पण आल्डो धृपदाला पोचला की म्हाताऱ्यांपैकी एक डोळे मिटायची, दाढ दुखत असल्यासारखी. ब्लागाने लायलला बोलवावं असं मी एकदा सुचवलं.

"दार उघडं आहे," ती म्हणाली. "कुलूप मी लावलेलं नाही. पण माफी मागायला मी जाणार नाही साल्वू. मी चुकलेच नाही तर मागू काय?"

मग मीच गेलो. लायल अंगणात बस धूत होता. मी म्हटलं, उद्या 'चढण' घेतोय, शेवटचं गाणं राहिलंय. तो पाण्याचा पाइप धरून उभा राहिला. "आल्डो गातोय?"

"हो."

"माझे शब्द?"

"हो."

"तो 'चढण' नीट म्हणूच शकत नाही. त्याच्या तोंडी ते 'चटणी'सारखं येतं." आणि पुन्हा बस धुवायला लागला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोनदा घेतलं, दोनदा फसलं. तिसऱ्यांदा ब्लागाने काठ्या उचलल्या, तेवढ्यात दार ढकलून लायल आत आला. बसवाल्याचा गणवेश तसाच. कुणाला नमस्कार नाही, चमत्कार नाही. आल्डोसमोरचा माईक स्वतःकडे ओढला, पाठ ब्लागाकडे केली आणि भिंतीला म्हणाला, "चला."

ब्लागाने त्याच्या पाठीकडे एकवार पाहिलं आणि सुरू केलं.

तो संतापून गायला. प्रत्येक ओळ तिच्या अंगावर फेकल्यासारखी. आणि तिने एकही ओळ खाली पडू दिली नाही. धृपद आलं, त्याचा श्वास संपत आला, आणि ती पुढे पळाली नाही. मुद्दाम. तशीच जडशीळ लय धरून थांबली, जणू वर क्रेनमध्ये पोलादाची बादली घेऊन. लायलची मान लाल झाली. त्याने कुठून कोण जाणे आणखी श्वास काढला आणि ओळ पूर्ण केली, फाटक्या आवाजात, पण पूर्ण केली. मी बास सांभाळत होतो. खुर्च्यांवरच्या दोन म्हाताऱ्या उठल्या, एकमेकींचे हात धरले आणि सातवर पावलं टाकू लागल्या. एकीही अडखळली नाही. त्यांच्या बुटांचा आवाज त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे.

गाणं संपलं. लायलने माईक जागेवर ठेवला. "साल्वू, तिला सांग, धृपदाला थांबली त्याबद्दल मी तिला कधी माफ करणार नाही."

ब्लागा त्याच्यापासून दोन हातांवर होती. "साल्वू, त्याला सांग, तसंच ठेवायचंय. परत घेणार नाही."

"तिला सांग, मला परत घ्यायचंच नाहीये."

आम्ही अल्बम स्वतःच काढला. नाव ठेवलं 'सात'. फार खपला नाही. सिडनीच्या मोठ्या स्टेशनांनी लावला नाही, कॅलम म्हणाला होता तसंच. पण किनाऱ्यावरच्या प्रत्येक क्लबमध्ये पोचला. टेकडीवरच्या लग्नांत हल्ली 'क्रिंगिलाची चढण' लावतात आणि त्यावर नवरा-नवरी नाचतात, ज्यांच्या आजोबांच्या लग्नात नाउम होता. लायल अजून बस चालवतो. तो आणि ब्लागा स्टेजवर एकमेकांना जीव लावून वाजवतात-गातात, खाली उतरले की मीच त्यांचा टपालवाला. किती दिवस चालणार हे, असं मी तिला विचारलं तर म्हणाली, "त्याला एक शब्द बोलायचाय, मला एक. दोघांनाही तो येत नाही. पण वाजवताना भागतं."

परवा नवीनच भानगड झाली. बोलिंग क्लबला लागून नवे फ्लॅट झालेत. तिथल्या लोकांनी आमच्या आवाजाविरुद्ध तक्रारीसाठी सह्या गोळा करायला घेतल्या. क्लबचा मॅनेजर घाबरला. म्हणाला, ड्रमवर कापड टाकून वाजवता येईल का?

ब्लागाने त्याला उत्तरच दिलं नाही. मला म्हणाली, "चल." गरम पोळ्यांचा थाळा हातात घेतला, फ्लॅटचा जिना चढली आणि पहिलीच बेल दाबली. ताठ कॉलरचा, चष्मेवाला एक तरुण दारात आला.

"मी शेजारची," ब्लागा म्हणाली. "ज्या आवाजाची तक्रार करताय तो माझा. कारखाना तुमच्या आधीपासून इथे आहे, क्लब तुमच्या आधीपासून आहे, आणि मी तर दोघांच्याही शिफ्ट केल्यात. कापड टाकणार नाही. रविवारी तीन वाजता वाजवतो. खिडकी लावा, नाहीतर खाली या. आलात तर बसायला खुर्ची मिळेल. हे घ्या, गरम आहे तोवर खा."

तो थाळ्याकडे बघत राहिला. "यात मांस आहे का?"

"पालक," ब्लागा म्हणाली आणि पुढच्या बेलकडे वळली.